दोन पुठ्ठ्यांच्या मधे

सोमवार, ६ तारीख. दुपारची सुट्टी

धाकट्या, आशीर्वाद.

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट टाकून देण्याआधी एवढं वाच, की घरी कोणी आजारी नाही आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. पत्ता मामाच्या वहीतून उतरवून घेतला. तो चष्मा शोधत होता तेवढ्यात काम उरकलं. त्याला बोल लावू नकोस.

मी सध्या शाळेत जाते. हस खुशाल. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पाच दिवसांचं शिबिर आहे. ग्रंथपालबाईंनी माझं नाव परस्पर घालून टाकलं. म्हणाल्या, "तीस वर्षं आमची पुस्तकं शिवलीत, आता जरा फाडायला शिका." मोडकंतोडकं सामान, कापड, तारा, कागद, लाकूड, जे हाताला लागेल ते एका लाकडी खोक्यात जोडायचं, चिकटवायचं, रंगवायचं आणि त्याचं चित्र उभं करायचं. शिकवणाऱ्या मॅडम त्याला असेंब्लाज म्हणतात. मी भंगाराची आरास म्हणते. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या असत्या, मला मुलगी असती तर.

शेजारी एक निवृत्त दातांचे डॉक्टर बसतात. पिशवीभर प्लास्टरचे जबडे घेऊन आलेत. आल्या आल्या म्हणाले, "बाइंडरबाई, घाबरू नका, यातला एकही चावत नाही." तेव्हापासून सगळ्यांनी मला तेच नाव ठेवलंय.

मॅडमनी सांगितलं होतं, घरातली अशी वस्तू आणा की जी टाकवत नाही आणि बघवतही नाही. मी ते वाकडं रजिस्टर आणलंय. आई गेली तेव्हा माझ्या पुस्तकं दाबायच्या यंत्रात अडकून राहिलेलं. ओलं ठेवून मी दवाखान्यात गेले, पंधरा दिवसांनी काढलं तेव्हा कव्हराला बाक आलेला. ज्या ऑफिसचं होतं त्यांनी घेतलं नाही. इतकी वर्षं कपाटावर पडून होतं.

तर ते हातात घेतलं आणि तुझी आठवण झाली. म्हटलं, किती दिवस धरून बसायचं. आईनं शेवटची लिहिलेली चिठ्ठी तू फाडलीस, हरवलीस, का तिच्यात तुझ्याबद्दल काही होतं म्हणून लपवलीस, ते तुझं तुला माहीत. मी सगळ्यांसमोर बोलले ते जरा जास्त बोलले असेन. पण खोटं बोलले नाही. तू एकदा, दोन ओळीत का होईना, कबूल कर. मी तुला माफ केलंच आहे. मोठी आहे, मन मोठं करायला मलाच हवं.

सुट्टी संपली. समोरच पेटी आहे, टाकून येते.

तुझी अक्का


मंगळवार, ७ तारीख. सकाळी

धाकट्या,

कालचं पत्र मिळालं असेल तर उघडू नकोस. उघडलं असशील तर वाचू नकोस. त्यात शाई सांडली होती, नीट उमटलं नसेल. मी नवीन लिहीन.

काल चार वाजता त्या पेटीपाशी गेले. म्हणजे धावलेच. अडुसष्टाव्या वर्षी, पायात चपलेचा एकच जोड, त्यातली एक वर हॉलमध्येच राहिली. टपालवाला पेटी उघडून थैलीत भरतच होता. म्हटलं, "भाऊ, त्यात माझं एक पत्र आहे, द्या परत."

"पेटीत पडलं की परत नाही, आजी."

"अहो, पण माझंच आहे. अक्षर लिहून दाखवते."

"ज्याच्या नावानं आहे त्याचं ते आता. तुमचं कुठलं?" आणि माझ्या एका पायाकडे बघून म्हणाला, "चप्पल मात्र तुमचीच हरवलीये, ती शोधा."

सायकलवर टांग टाकून गेला. मी पेटीच्या तोंडात हात घालून बघितला. आत नुसता गार पत्रा.

वर विशेष काही नाही. शिबिर छान चाललंय. आज काहीही चिकटवायचं नाही, नुसतं मांडून बघायचं, असं मॅडम म्हणाल्या. मी काही मांडलं नाही. रजिस्टर पिशवीत ठेवलं आणि पिशवी मांडीवर. डॉक्टर म्हणाले, "आत सोनं आहे का काय?" मी म्हटलं, "रद्दी आहे."

हे पत्र आज टाकत नाही. ठेवून देते.

अक्का


बुधवार, ८ तारीख. संध्याकाळी

धाकट्या,

काल मी खोटं लिहिलं. शाई सांडली नव्हती. आता लिहिते ते एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा शेपूट घालीन.

सोमवारी जेवणानंतर मॅडम म्हणाल्या, आणलेली वस्तू आधी उघडा. आत काय आहे ते माहीत नसताना बाहेरून रंग लावायचा नाही. मी सुरी घेतली आणि रजिस्टरचा मागचा पुठ्ठा सोडवायला घेतला. तुला आमचं काम ठाऊक आहे. जाड पुठ्ठा मिळाला नाही की दोन पातळ पुठ्ठे खळ लावून एकावर एक बसवायचे. मधे कुठे खोलगट वाटलं तर कातरणातला कागद उचलायचा आणि भरायचा. कागद कोणता, ते कोण बघतंय? नजर पुठ्ठ्यावर असते, हात आपोआप ढिगाकडे जातो. माझ्या उस्तादानं मला एकदा बजावलं होतं, भरताना प्रत्येक कागद उलटून बघत जा. मी तीस वर्षं बघितला. एकदा बघितला नाही.

दोन पुठ्ठे अलग झाले. मधे चार घड्यांचा एक कागद चिकटलेला. रेघांचा, दवाखान्यातल्या जेवणाच्या तक्त्यामागचा. वर तुझ्या पेनची निळी शाई. आणि आईचं अक्षर. 'अक्कास.'

एवढंच दिसतं. बाकी सगळं घडीच्या आत.

तू खरं बोलत होतास. त्या संध्याकाळी तू दवाखान्यातून आलास, दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "अक्का, आईनं तुला लिहून दिलंय. तिला बोलता येत नाहीये, वाच लगेच." माझे दोन्ही हात खळीत. ऑफिसची वीस रजिस्टरं दुसऱ्या दिवशी द्यायची. मी मान वर न करता म्हटलं, "ठेव टेबलावर, आणि उजेड अडवू नकोस." तू ठेवलंस. कातरणाच्या शेजारी. पहाटे आई गेली. चिठ्ठी शोधली तेव्हा नव्हती. मी म्हटलं, काय होतं त्यात? तू म्हणालास, घडी केलेली होती, तुझ्या नावाची होती, मी वाचली नाही. आणि मी, सगळे जमलेले असताना, मामासमोर, आत्यासमोर, शेजारच्यांसमोर म्हटलं, चिठ्ठी होतीच तर उडून गेली का? ज्यानं आईचे शेवटचे शब्द गिळले तो माझा कोणी नाही.

नऊ वर्षं मी तुला चोर म्हटलं. चोरी माझ्याच हातानं, माझ्याच खळीनं झालेली.

सोमवारी हे कळलं तेव्हा माझं माफीचं पत्र पेटीत पडून तासही झाला नव्हता. 'मन मोठं करते' म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला.

आज शिबिरात एक प्रकार झाला तो सांगते. आज कापड गोंदात बुडवून, प्लास्टर लावून खोक्यांना पोत द्यायचा दिवस. मी पाणी प्यायला गेले, पिशवी खुर्चीवर राहिली. परत आले तर मॅडमनी रजिस्टर बाहेर काढलेलं, पुठ्ठा उघडून टेबलावर ठेवलेला, हातात पातळ केलेल्या गोंदाचा ब्रश. "किती सुंदर आहे हे! वरून एक हात देते, म्हणजे कागद सुटणार नाही." ब्रश 'अक्कास'वर टेकायला दोन बोटं उरली होती.

मी त्यांच्या हातावर फटका मारला. ब्रश उडून जबड्यांवर पडला. मॅडमचे डोळे भरले. मी सॉरीसुद्धा म्हणाले नाही. पुठ्ठा उचलला, पदराखाली धरला आणि जिन्यात जाऊन बसले.

थोड्या वेळानं डॉक्टर आले, एक पायरी सोडून बसले. खिशातून रुमाल काढला आणि हातातल्या प्लास्टरच्या जबड्यावरचा गोंद पुसत बसले. मग मीच सांगितलं. त्या संध्याकाळचं जसं झालं तसं नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, आणि तेही परक्याला.

अक्का


गुरुवार, ९ तारीख. दुपारी

धाकट्या,

सकाळी आधी मॅडमची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "विचारल्याशिवाय मी हात लावला, चूक माझी." म्हटलं, नाही बाई, चूक वाटून घ्यायची मला सवय लागली तर पुढचं अवघड होईल. ही सगळी माझी.

आता त्या चिठ्ठीचं. तू विचारशील, मग वाचली का नाहीस? सांगते. घडीच्या कडा खळीनं बसल्यात. माझ्या धंद्यातला सरळ उपाय म्हणजे ओलं फडकं ठेवायचं, खळ फुगते, कागद अलगद सुटतो. पण शाई पेनातली आहे. 'अक्कास'मधल्या 'स'पर्यंत जिथे खळ पोचली तिथे निळा डाग पसरलाय. पाणी लावलं तर कागद मिळेल, अक्षर जाईल. म्हणजे कोरडंच करायला हवं. मागून पुठ्ठा पापुद्रा पापुद्रा काढत यायचं आणि घडी पातळ पात्यानं उकलायची. एक धक्का चुकला तर चिठ्ठीचे दोन तुकडे. आणि माझा उजवा हात आता कापतो. चहाची बशी वाजते.

डॉक्टरांनी घरून आपली हत्यारं आणली. केसाएवढ्या टोकाची, पानासारख्या पात्याची. आम्ही दोघं सकाळभर बसलो. मी सांगायची कुठला थर, ते खरवडायचे. दुपारपर्यंत मागचा पुठ्ठा कांद्याच्या सालीएवढा राहिला. आता फक्त घडी उरलीय.

डॉक्टर म्हणाले, "उकलू?"

मी म्हटलं, "थांबा."

"अहो, दात हलायला लागल्यावर पेशंट थांबा म्हणतो, तसं झालं हे."

"थांबा म्हणते ना."

"कशासाठी? आत काय आहे ते कळलं म्हणजे भावाला काय लिहायचं तेही कळेल."

तेच तर, धाकट्या. मला तेच नको आहे. मी स्वतःला ओळखते. आत तुझ्याविरुद्ध एक शब्द जरी निघाला, 'धाकटा ऐकत नाही', 'धाकट्यानं उशीर केला', असं काहीही, तर माझं मन लगेच म्हणेल, बघ, म्हणजे अगदीच चुकलो नव्हतो आपण. आणि तुझ्या बाजूनं काही निघालं तर मी आईनं सांगितलं म्हणून माफी मागीन. दोन्हीकडून माझी माफी चिठ्ठीच्या दावणीला बांधलेली. चिठ्ठीत काहीही असो, तू ती टेबलावर ठेवली होतीस आणि मी तुला खोटारडा म्हटलं. एवढ्यासाठी घडी उकलायची गरज नाही.

म्हणून आधी हे लिहिते. आळ खोटा होता. चूक माझी. मला माफ कर, आणि नाही केलंस तरी तुझा हक्क आहे.

एवढ्या ओळी लिहायला दोन तास लागले. डॉक्टर तिकडे जबड्यांना सोनेरी रंग देत बसलेत, मधून मधून माझ्याकडे बघतात.

आणखी एक राहिलं. जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते. परत घ्यायचं ते पत्रात गुपचूप घेऊन कसं चालेल? उद्या शेवटचा दिवस, प्रदर्शन आहे, घरच्यांना बोलवायची मुभा आहे. त्या दिवशी जे होते त्यातली आत्या गेली, शेजारचे घर सोडून गेले. मामा आहे. त्याला फोन केला.

"कोण गेलं?" हा त्याचा हॅलो.

"कोणी नाही, मामा. उद्या वाचनालयात ये. मी एक वस्तू केलीय, बघायला."

"वस्तू बघायला? माझे गुडघे बघ आधी, तेच प्रदर्शनात ठेवण्यासारखे झालेत."

"रिक्षा पाठवते. ये. धाकट्याबद्दल बोलायचंय."

मग म्हणाला, "त्याच्याबद्दल? येतो."

अजूनही मागे फिरता येईल. पुठ्ठा पिशवीत टाकायचा आणि घरी जायचं, कोणाला कळणार आहे? ही वाट दिसते तोपर्यंत झोप येणार नाही.

अक्का


शुक्रवार, १० तारीख. चार वाजता

धाकट्या,

झालं.

माझ्या खोक्यात फक्त ते रजिस्टर. वाकडं, मागचा पुठ्ठा आ वासून उघडलेला, मधे चिठ्ठी, वर 'अक्कास'. रंग नाही, आरास नाही. प्रत्येकानं आपल्या कामाबद्दल दोन शब्द बोलायचे होते. डॉक्टर म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांनी माझ्यासमोर तोंड उघडलं, आज मी उघडतो," आणि सगळे हसले. त्यांच्यानंतर मी. हसू अजून हॉलमध्ये होतं. मला वाटलं, हे असंच राहू दे, काहीतरी गोड बोलून बस खाली.

मामा पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकवून.

मी म्हटलं, "ही माझ्या आईची शेवटची चिठ्ठी. माझ्या भावानं मला आणून दिली होती. मी न बघता पुठ्ठ्यात भरली आणि ती त्यानं चोरली असं सगळ्यांना सांगितलं. मामा, तुझ्यासमोर सांगितलं. ते खोटं होतं." पुढे आणखी बोलायचं ठरवलं होतं. ते सोडून खोक्यापासून बाजूला झाले.

मामा उठला. दोघांनी धरलं तरी झिडकारून एकटाच आला. चष्मा वर करून, नाक कागदाला लागेल इतका वाकला. "माझ्या बहिणीचं अक्षर," म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "काखेत कळसा. काय गं हे, काखेत कळसा." मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "तो आला होता माझ्याकडे. तू त्याला घालवून दिल्यावर महिनाभरानं. म्हणाला, मामा, तू तरी ऐकून घे. मी दार उघडलं नाही. खिडकीतून म्हटलं, आधी बहिणीचे पाय धर, मग माझ्या दारात ये."

हे तू कधी कळवलं नाहीस. कळवणार तरी कोणाला होतास?

मग सगळे एकच विचारायला लागले, काय लिहिलंय आत? मामा तर हट्टालाच पेटला. "वाच. आत्ता वाच. माझं काय, उद्या आहे का नाही."

"आधी पत्र पेटीत पडू दे."

"सुंभ जळला तरी पीळ जाईना तुझा!"

"पीळ नाही, मामा. यावेळी क्रम चुकवायचा नाही एवढंच."

त्यानं काठी आपटली. पण मग म्हणाला, "चल, मी येतो पेटीपर्यंत. तू ऐनवेळी पळशील." आता तो खाली रिक्षात बसून हाका मारतोय. मंगळवारपासूनची सगळी पत्रं एकाच पाकिटात घालते. काही खोडत नाही, मंगळवारचं खोटंसुद्धा नाही. चार वाजलेत, टपालवाला येईल. यावेळी परत मागणार नाही.

अक्का


शनिवार, ११ तारीख. सकाळी

धाकट्या,

मोठं पाकीट काल गेलं. हे त्याच्या मागोमाग.

आज सकाळी डॉक्टर घरी आले. मामा रात्री इथेच राहिला होता. स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी, उजेडात बसलो. डॉक्टरांनी घडी उकलली. एकेक कड सुटताना करकर आवाज यायचा आणि मामा "हळू" म्हणायचा, जसा काही कागदाला दुखतंय. मधल्या घडीत खळ शिरली होती, तिथली दीड ओळ गेली. बाकीचं वाचता येतं. जसंच्या तसं उतरवते.

'अक्का, हा कालपासून माझ्याजवळून हलला नाही. सकाळपासून पोटात काही नाही याच्या. मी खुणा करून थकले, ऐकत नाही. तुझ्याकडे चिठ्ठी घेऊन जा म्हटलं की जाईल म्हणून लिहितेय. आला की काम बाजूला ठेव आणि आधी याला जेवायला' — इथे डाग — 'गरम. मग पाठव. मी बरी आहे.'

संपलं. गुपित नाही, तक्रार नाही. तुला जेवायला घरी पाठवायचं म्हणून तिनं चिठ्ठीचं निमित्त काढलं होतं.

मामा भिंतीकडे तोंड करून बसला. डॉक्टरांनी हत्यारं पुसली, दोनदा पुसली.

मला तेव्हापासून एकच आठवतंय. तू दारात उभा होतास आणि जरा वेळानं विचारलंस, "अक्का, काही आहे का खायला?" मी म्हटलं होतं, "दिसत नाही का? आज चूलच पेटवली नाही." तू "राहू दे, भूक नाही" म्हणून परत गेलास. हे मी बुधवारच्या पत्रात लिहिलं नव्हतं. विसरले नव्हते. लिहिलं नव्हतं.

आईचं सांगणं नऊ वर्षं राहून गेलंय. आता तुझ्या उत्तराची वाट बघत बसणं म्हणजे पुन्हा तुलाच उपाशी ठेवणं. तू मला घरी बोलवावंस असं मी काही केलेलं नाही, तरी मी येतेय. गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं, म्हणजे तोवर ही सगळी पत्रं तुझ्या हातात पडलेली असतील. चिठ्ठी बरोबर आणते, काचेत घालून. आणि डबा. भाजी तिखट करणार नाही, लक्षात आहे माझ्या.

मला आत घेऊ नये वाटलं तर घेऊ नकोस. दार किलकिलं करून डबा तेवढा घे. तेही नको वाटलं तर मी पायरीवर बसेन, जन्मभर बसूनच काम केलंय, मला काही त्रास नाही. फक्त फार वेळ लावू नकोस, बाबा. तिनं गरम म्हटलंय.

अक्का